खोकं चिकटवण्याआधी: एजंटच्या गोडाऊनमध्ये पार्सल तपासायचं कसं

मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या मुलीने इथल्या एका संकेतस्थळावरून पाच लिटरचा कुकर मागवला. कुकर पुण्यातल्या एजंटच्या गोडाऊनमध्ये आला, तिथून विमानाने तिच्या घरी पोचला आणि तिने झाकण उघडून पाहिलं तर आत शिट्टीच नव्हती. शिट्टी म्हणजे कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळणारी वस्तू. पण ती एकटी ऑस्ट्रेलियाला पाठवायची तर कुरिअरचा खर्च कुकरच्या किमतीला भिडत होता. मी भोसरीच्या एका कारखान्यात आवक माल तपासण्यात २२ वर्षं काढली आहेत. दुसऱ्यांचे बोल्ट गेजमध्ये घालून पाहिले आणि घरचा कुकर मात्र न बघता जाऊ दिला! तेव्हापासून मुलीचं, भाच्याचं आणि आता सोसायटीतल्या तीन-चार घरांचं पार्सल निघायच्या आधी मी स्वतः जाऊन बघते.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. परदेशातल्या माणसाला भारतातल्या दुकानांतून खरेदी करायची असते, पण बरीच दुकानं बाहेर माल पाठवत नाहीत किंवा परदेशी कार्ड घेत नाहीत. मग एजंट त्याला इथला एक पत्ता आणि ग्राहक क्रमांक देतो. माल त्या पत्त्यावर जमा होतो, एजंट तो एका खोक्यात बांधतो आणि कुरिअरने किंवा टपालाने पाठवतो. शहरात अशी गोडाऊनं आहेत, वाघोली-नऱ्हे भागातल्या शेडमध्येही आहेत. कोणी पुण्यात असेल तर त्याने जाऊन बघावं. नसेल तर एजंटकडून नेमके फोटो मागवायचे, त्याचीही रीत पुढे दिली आहे.

दोन घड्याळं

एजंट तुम्हाला सांगतो की माल इतके दिवस फुकट ठेवू. ते ऐकून आपण निवांत होतो. पण खरं घड्याळ दुकानाचं असतं. बहुतेक ऑनलाइन दुकानांत माल परत करायची किंवा बदलून घ्यायची मुदत ७ ते १० दिवसांची असते, विजेच्या उपकरणांना कित्येकदा फक्त बदली मिळते, पैसे परत नाहीत. ही मुदत माल गोडाऊनच्या दारात आला त्या दिवशी सुरू होते. तुम्ही चार ऑर्डरी जमेपर्यंत थांबलात तर पहिल्या ऑर्डरीची मुदत कधीच उलटून गेलेली असते. गोडाऊनमध्ये सापडलेला दोष रुपयांत निस्तरतो, तिकडे सापडलेला डॉलरमध्ये. म्हणून सगळं जमल्यावर एकदा असं न करता प्रत्येक वस्तू आल्यापासून तीन दिवसांच्या आत बघायची, आणि बांधताना पुन्हा एकदा उभं राहायचं. दोन फेऱ्या पडतात खऱ्या. वाघोली लांब असेल तर पहिली फेरी फोटोंवर भागवा, दुसरी मात्र चुकवू नका.

घरून निघण्याआधी एक कागद तयार करा. मुलीकडून प्रत्येक ऑर्डरचा स्क्रीनशॉट घ्यायचा: वस्तू, रंग, माप, नग, किंमत, परतीची शेवटची तारीख. तारखेप्रमाणे लावायचं, सगळ्यात आधी संपणारी वर. पिशवीत काय न्यायचं? टेप (मोजायची), हुकाचा वजनकाटा, जाड मार्कर, छोटी टॉर्च आणि एक लोहचुंबक. चुंबकाला लोक हसतात. पण त्याने काय काय उघड होतं ते पुढे कळेल. पाठवणारा म्हणून तुमचं नाव लागणार असेल तर ओळखपत्राची प्रतही लागते.

गोडाऊनला फोन करून जा आणि सकाळी जा. कुरिअरची गाडी दुपारनंतर माल उचलायला येते आणि त्या गडबडीत कोणालाही तुमच्या शिट्टीत रस नसतो.

बंद खोक्याची तपासणी

उघडायच्या आधी दोन मिनिटं खोक्याकडे नुसतं बघा. लेबलवरचं नाव, ग्राहक क्रमांक आणि ऑर्डर क्रमांक आपल्या कागदाशी जुळतो का? एकाच गोडाऊनमध्ये दोन कुलकर्णी आणि तीन जोशी असणारच. दुकानाच्या छापील टेपवर दुसरी साधी तपकिरी टेप मारली असेल तर खोकं मध्ये कुठेतरी उघडलं गेलंय. कोपरा दबलेला असला तर त्या कोपऱ्यात आत काय आहे ते आठवा. लेबलवर वजन छापलेलं असेल तर काट्यावर ताडून पाहा, अर्ध्या किलोचा फरक म्हणजे काहीतरी निघालं आहे किंवा आलंच नाही.

जून ते सप्टेंबर खोक्याच्या तळाला हात लावून बघायचंच. ओल आलेलं पुठ्ठ्याचं खोकं दिसायला ठीक असतं, पण बोटाने दाबलं की खाकऱ्यासारखं न वाजता पोळीसारखं वाकतं. असं खोकं पुन्हा वापरू द्यायचं नाही, आतला माल कोरडा असला तरी.

मग उघडताना चित्रीकरण. फोन कुणाच्या तरी हातात द्या आणि सुरुवात लेबलपासून करा, नंतर चारही बाजू, टेप कापणं, वस्तू बाहेर काढणं, हे सगळं मध्ये न थांबवता. तुटलेल्या किंवा कमी आलेल्या मालाबद्दल तक्रार केली की बरीच दुकानं हाच व्हिडिओ मागतात, आणि मधे खंड पडलेला व्हिडिओ मानत नाहीत.

सगळंच उघडायचं का? नाही. सीलबंद प्रसाधनं, औषधं, खाऊची पाकिटं उघडली की ती परत घेतली जात नाहीत आणि तिकडे कस्टमही शंका घेतं. त्यांचं सील, तारीख, फुगवटा बाहेरूनच बघायचा. विजेच्या उपकरणांचं मात्र बाहेरचं खोकं मी नेहमी उघडायला लावते. काही एजंट म्हणतात, “कंपनीचं सील आहे काकू, आत काही होत नाही.” कुकरलाही होतं ना सील.

वस्तूवार काय बघायचं

साडी. पूर्ण उलगडायला जागा मागा, टेबल नसेल तर स्वच्छ चादर सोबत न्या. नेहमीची साडी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस वेगळं साधारण ८० सेंटिमीटर. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. संकेतस्थळावर काय लिहिलंय ते कागदावर आहेच, टेप लावा. घडीच्या कडांवर विरलेलं असतं, तिथे टॉर्च मागून धरली की भोकं चमकतात. पैठणी असेल तर पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत पदरावरची नक्षी उलट्या बाजूनेही जवळपास तशीच दिसते, मागे सुटे लोंबणारे धागे नसतात. मागे धाग्यांचं जाळं दिसलं तर ती यंत्रमागाची. यंत्रमागाची वाईट असं माझं म्हणणं नाही, पण हातमागाचे पैसे घेतले असतील तर परत करा. शुद्ध रेशीम म्हणून विकलेल्या साडीवर सिल्क मार्कचं लेबल शोधा. आणि फॉल-पिको तपासणी होईपर्यंत करू नका. एकदा सुई लागली की कुठलंही दुकान साडी परत घेत नाही. लक्ष्मी रोडवरून स्वतः घेऊन गोडाऊनला पोचवलेल्या साडीलाही हेच लागू.

कुकर आणि भांडी. कुकर जोडून बघायचा: झाकण बसतं का, गास्केट आहे का, सुरक्षा झडप आहे का आणि हो, शिट्टी. आयएसआय चिन्हाशेजारी आयएस २३४७ हा क्रमांक हवा, प्रेशर कुकरचं मानक तेच आहे. तळ सपाट फरशीवर ठेवून दोन बोटांनी डोलवून पाहा. मुलांच्या घरी इंडक्शन शेगडी असेल तर तळाला चुंबक लावा. चिकटला तरच ते भांडं तिथे तापणार. ॲल्युमिनियमच्या साध्या कुकरला चिकटत नाही. हाच चुंबक पितळेच्या समईला आणि मूर्तीला लावा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर वर पितळी मुलामा आणि आत लोखंड. माझ्या शेजारणीने ‘शुद्ध पितळी’ म्हणून मागवलेला लंगडा बाळकृष्ण असाच पकडला गेला आणि चौथ्या दिवशी परत गेला.

मिक्सर. इथे लोक रंग बघतात, भांडी मोजतात आणि खालची पट्टी वाचत नाहीत. उलटा करा आणि वाचा. आपल्याकडच्या मिक्सरवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं असतं. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमध्ये वीज तशीच, फक्त प्लगचा आकार वेगळा, छोटा ॲडॉप्टर लावला की झालं. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिथे हा मिक्सर चालवायचा तर जड ट्रान्सफॉर्मर लागेल, म्हणून तिकडच्यासाठी ११० व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं मॉडेलच मागवायचं. चूक लक्षात आली तर दुरुस्त करायची जागा गोडाऊन हीच. इथेच प्लग लावून अर्धा मिनिट रिकामा फिरवून बघा, आवाज बेसूर वाटला तर बदली मागा. भांड्यांची झाकणं एकेक दाबून बसवा. जारच्या झाकणाची चीर डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते.

पुस्तकं. पानं भराभर फिरवा, सोळा पानांचा एखादा गठ्ठाच गळालेला किंवा उलटा बांधलेला असतो. अप्पा बळवंत चौकातून घेतलं असेल तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळतं, तिकडे गेल्यावर मिळत नाही.

चप्पल. दोन्ही पायांची माप-पट्टी वेगवेगळी वाचा. कोल्हापुरी जोडीत ९ आणि १० अशी जोडपी मी दोनदा पाहिली आहेत. पावसाळ्यात चामड्यावर पांढरी बुरशी धरते, अंगठ्याजवळच्या वेणीत ती लपते.

खाऊ. बाकरवडी, चिवडा, मेतकूट, गोडा मसाला. कारखान्याच्या पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना, घटक, बनवल्याची आणि संपण्याची तारीख इंग्रजीत असते. तीन आठवडे प्रवासात आणि कस्टममध्ये जाऊ शकतात असं धरून, पोचल्यावर निदान दोन महिने शिल्लक राहतील असंच पाकीट घ्या. पाकीट दोन हातांत दाबा, हवा सुटते का कानाजवळ धरून ऐका. घरगुती फराळ बिनलेबलाच्या पिशवीत गेला तर कस्टमच्या माणसाला तो फक्त पिवळी पूड आणि तपकिरी वड्या दिसतो. निदान प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत नाव आणि घटक लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.

जे जाऊच द्यायचं नाही

इथे जास्त वेळ द्या. तुटलेली वस्तू आपलं नुकसान करते, बंदी असलेली वस्तू सगळं खोकं अडकवते. गंमत म्हणजे आपल्याकडच्या धोकादायक वस्तू बंदुकीच्या दारूसारख्या दिसत नाहीत, त्या पूजेच्या ताटात असतात.

कापूर ज्वलनशील घन पदार्थ आहे, धोकादायक मालाच्या यादीत त्याला स्वतःचा क्रमांक आहे. ऑनलाइन मागवलेल्या तयार पूजासंचात कापराची डबी आणि काडेपेटी असतेच, म्हणून संच उघडून एकेक पुडी बाहेर काढा. दुसरी सुक्या खोबऱ्याची वाटी. तेलकट खोबरं आपोआप तापू शकतं म्हणून हवाई मालवाहतुकीत तेही धोकादायक मालात मोडतं. ओटीचं सामान पाठवताना नेमकी तीच वाटी सगळ्यात वर ठेवलेली असते. एका काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, मग ओटी भरायची कशाने?” तिकडच्या भारतीय दुकानात खोबरं मिळतं, तिकडूनच घ्यायला सांगा.

अत्तर, स्प्रे, नेलपॉलिश, पॉवरबँक हेही काढायचं. शेवटची वस्तू खास. पॉवरबँक म्हणजे सुटी लिथियम बॅटरीच, ती टपालाने जात नाही आणि प्रवासी विमानाच्या मालकप्प्यात ती २०१६ पासून बंद आहे. उपकरणाच्या आत बसवलेली बॅटरी काही कुरिअर अटींवर घेतात, त्यासाठी आधी विचारायचं. मुलांच्या खेळण्यांत, दिव्यांच्या तोरणात, म्युझिकल शुभेच्छापत्रात बॅटरी असते हे विसरायला होतं. खोक्यातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन बटण शोधा.

देशाप्रमाणे यादी बदलते. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे. दुबईला अनारसे पाठवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. ऑस्ट्रेलिया बिया, माती, दूधदुभतं, न प्रक्रिया केलेलं लाकूड याबाबत फार कडक आहे. त्यामुळे रुद्राक्षाची माळ, तुळशीचं बी, पेढे आणि हल्ली फॅशन झालेली बियांची राखी, बियांच्या कागदाची पत्रिका, बी घातलेला गणपती हे सगळं शंकेच्या यादीत. शाडूची मूर्ती म्हणजेही शेवटी मातीच. ऑस्ट्रेलियाच्या सरकारची बायकॉन नावाची शोधयंत्रणा आहे, वस्तूचं नाव टाकलं की अटी दिसतात. मुलीला तिथे बघायला सांगा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आणि इथूनच बाहेर न जाणाऱ्या गोष्टी. मोरपिसांची निर्यात बंद आहे, म्हणजे कृष्णाच्या मूर्तीच्या मुकुटातलं पीस काढून ठेवायचं. पाकिटातली अकराची किंवा एकशे एकची नोट-नाणंही काढायचं, पार्सलमध्ये रोकड चालत नाही. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून हौसेने घेतलेली तांब्याची घागर किंवा जुनी मूर्ती असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने १०० वर्षांवरची वस्तू (हस्तलिखित असेल तर ७५ वर्षं) देशाबाहेर नेता येत नाही, आणि वस्तू तशी नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. तांबट आळीतून नवीन घडवलेलं भांडंही मुद्दाम जुनं दिसेल असं काळवलेलं असतं. त्याचं बिल खोक्यात ठेवा आणि फोटोही.

जाता येत नसेल तर

एजंटला “फोटो पाठवा” असं लिहिलं की तो बंद खोक्याचा एक फोटो पाठवतो आणि त्याचे पैसेही लावतो. काय दिसायला हवं ते लिहायचं. माझ्या मुलीला मी हा नमुना करून दिला:

“कुकरचं झाकण उघडून आतल्या सगळ्या वस्तू जमिनीवर शेजारी-शेजारी मांडून वरून एक फोटो, शिट्टी दिसली पाहिजे. मिक्सरच्या खालच्या पट्टीचा जवळून फोटो, अक्षरं वाचता आली पाहिजेत. साडीचा पदर सुलटा आणि उलटा. चपलांचे दोन्ही तळवे, मापाचे आकडे दिसतील असे. काट्यावर ठेवलेल्या खोक्याचा फोटो, आकडा दिसेल असा.”

पाच वाक्यं, प्रत्येकात एक प्रश्न लपलेला. उत्तर न दिसणारा फोटो आला तर पुन्हा मागायचा, लाजायचं नाही. आणि रंगाच्या बाबतीत फोटोवर विसंबू नका. गोडाऊनच्या ट्यूबलाइटखाली मोरपंखी रंग साधा निळा दिसतो. वस्तू दारात आणून दिवसाच्या उजेडात फोटो काढायला सांगा, शेजारी एक पांढरा कागद ठेवून.

बांधणी

इथे पैसे जातात. कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. माझ्यासमोरचंच उदाहरण: ६० × ४५ × ४० चं खोकं, खरं वजन साडेबारा किलो. गुणाकार १,०८,०००, भागाकार २१.६. म्हणजे बिल जवळजवळ २२ किलोचं. आत वरच्या तिसऱ्या भागात नुसता बबल रॅप भरला होता. खोकं कापून उंची २८ वर आणली, आकडा आला १५.१२. त्या मुलाला खोकं कापायला दहा मिनिटं लागली. सहा किलोंचं भाडं वाचलं.

जागा कशी वाचवायची? दुकानांची आतली खोकी काढून टाकायची, पण मिक्सरचं आणि काचेच्या वस्तूचं थर्माकोलसकट ठेवायचं. कुकरच्या आत पोकळी वाया जाते, तिथे कुर्ते, रुमाल, मोजे ठासा. कपडेही बसतात आणि झाकणाला आधारही मिळतो. पुस्तकं तळाला, आडवी. मसाले साडीच्या जवळपासही नकोत. गोडा मसाल्याची पुडी दोन झिपच्या पिशव्यांत आणि खोक्याच्या विरुद्ध कोपऱ्यात. एकदा पैठणीला धणे-दगडफुलाचा वास लागला, तीन वेळा उन्हात टाकूनही तो जाईना.

खोकं पाच प्लायचं, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याचं मागा, दहा किलोंच्या वर तर मागाच. चारही भिंतींपासून वस्तू दोन बोटं आत हवी. बंद करण्याआधी खोकं दोन्ही हातांनी उचलून हलवा: आवाज आला तर अजून भराव हवा. वर-खालच्या फटीवर आणि दोन्ही बाजूंच्या कडांवर टेप, म्हणजे वरून बघितलं तर इंग्रजी एच अक्षर दिसतं. पावसाळ्यात आत मोठी प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात सगळं, तोंड वळवून चिकटवलेलं, सोबत सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या. पुण्याहून निघालेलं पार्सल बहुधा मुंबईमार्गे विमानात चढतं, आणि जुलैत खोपोलीच्या पावसाला कुणाचीच ओळख लागत नाही.

जड मूर्तीसाठी लाकडी पेटी करावी लागली तर पेटीच्या लाकडावर आयएसपीएम १५ चा शिक्का बघा. लाकडातली कीड मारली आहे असं तो सांगतो, बहुतेकदा लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवून. शिक्का नसेल तर कित्येक देश पेटी परत पाठवतात किंवा जाळतात. सुताराकडच्या फळ्या चालत नाहीत, प्लायवूड चालतं.

एक की दोन खोकी, हा माझा आणि मुलीचा कायमचा वाद. ती म्हणते एकच, स्वस्त पडतं. माझं म्हणणं, खाऊ वेगळा पाठवायचा. मेतकुटावर अधिकाऱ्याला शंका आली तर साडी कशाला अडकून पडावी?

कागद

कस्टमच्या कागदावर ‘गिफ्ट आयटम्स’ असं लिहू देऊ नका. प्रत्येक वस्तू वेगळी: स्टीलचा कुकर, एक नग, किंमत अमुक. सोबत वस्तूचा एचएस क्रमांक, म्हणजे कस्टमसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा, एजंटकडे यादी असते. टपालाने पाठवताना लहान पाकिटाला सीएन २२ आणि मोठ्या पार्सलला सीएन २३ हा फॉर्म लागतो.

बरेच एजंट आपण होऊन किंमत कमी लिहितात, “कर वाचेल” म्हणून. नको म्हणा. खोकं हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीवरच मिळते. शिवाय कस्टमने बिल मागितलं की खोटं उघडं पडतं आणि दंड घेणाऱ्याला बसतो, एजंटला नाही. ‘भेट’ हा शब्दही जपून. मुलीने स्वतःच्या पैशाने मागवलेली वस्तू भेट होत नाही. मी माझ्या पैशाने घेऊन पाठवली तर होते. ब्रिटनमध्ये भेटीला ३९ पौंडांपर्यंत सूट आहे, कॅनडात ६० कॅनेडियन डॉलरपर्यंत. ऑस्ट्रेलियात १००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आयातीचं वेगळं घोषणापत्र भरावं लागतं. अमेरिकेला पाठवणाऱ्यांनी जुन्या सल्ल्यांवर जाऊ नये. ८०० डॉलरपर्यंत मिळणारी करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे तिकडे कर कोण भरणार, पाठवणारा की घेणारा, हे एजंटकडून लिहून घ्या.

शेवटची पाच मिनिटं

“काकू, मारू का टेप?” असं विचारलं की मी कागद काढते. एकेक ओळ वाचते, तो मुलगा एकेक वस्तूवर हात ठेवतो. मग टेप. मग काटा, आकडा मी माझ्या डोळ्यांनी वाचते आणि खोक्याची तिन्ही मापं टेपने घेते, कारण बिल यावर येणार. लेबलवर नाव, घर क्रमांक, पिनकोड, फोन (देशाच्या कोडसकट) मुलीने पाठवलेल्या संदेशाशी अक्षर न् अक्षर जुळवते. जुनी सगळी लेबलं आणि बारकोड मार्करने खोडायला लावते. खोकं पुन्हा वापरलेलं असेल तर यंत्र जुनाच बारकोड वाचून पार्सल भलतीकडे धाडतं. टेपच्या जोडावर मार्करने माझी सही, अर्धी टेपवर, अर्धी पुठ्ठ्यावर. मध्ये कुणी उघडलं तर सही जुळणार नाही. सहा बाजूंचे सहा फोटो.

पार्सलचा क्रमांक त्याच दिवशी मुलीला पाठवायचा आणि दोन दिवसांनी तो कुरिअरच्या संकेतस्थळावर हलला का ते बघायचं. लेबल छापलं म्हणजे माल निघाला असं नाही, कधी कधी खोकं त्याच फळीवर आठवडाभर बसून असतं. पोचल्यावर तिने आधी सहीचा फोटो काढायचा, मग व्हिडिओ चालू ठेवून खोकं उघडायचं, आणि काही तुटलं असेल तर पुठ्ठा, भराव काहीही न फेकता लगेच एजंटला कळवायचं. तक्रारीची मुदत पोचल्यापासून मोजतात आणि ती कुरिअरप्रमाणे वेगळी असते, म्हणून ती माल देतानाच विचारून त्याच कागदाच्या खाली लिहून ठेवा.